अडीच सेंटिमीटर

पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर १.४ पर्यंत सताड उघडं, आणि दीड मीटरवर खुर्चीत बसलेला माणूस. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर अशा वेळी जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा थर रेखीव येतो. बाकीचा माणूस त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे विरघळत जातो. पापणी पकडली तर नाकाचा शेंडा मऊ होतो, आणि कान तर गेल्यातच जमा. हौसेने थोडं पुढे सरकावं, अंतर एक मीटरवर यावं, तर तो थर सेंटिमीटरभरच उरतो. मग समोरच्याने मान जराशी वळवली तरी दोन डोळ्यांतला एकच हाती लागतो. पोर्ट्रेटसाठी ऑटोफोकस लेन्स घ्यावी की मॅन्युअल, यावर फोटोवाली मंडळी चहा थंड करत बसतात. त्या वादात किंमत येते, ब्रँड येतो, जुन्या काचेची महती येते. भांडण मात्र या अडीच सेंटिमीटरचं असतं. ते कुठे ठेवायचे, आणि ठेवण्याआधी किती वेळ थांबायचं.

पनवेलजवळच्या कोनला राहायला आल्यापासून हे भांडण माझ्या घरात शिरलं. पळस्पे फाटा मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीच्या दिशेला लागलं की कोन येतं. द्रुतगती मार्ग शेजारून गेलेला, सावळ्याकडून रसायनीला जाणारा रस्ता इथूनच फुटतो, कंटेनरला दिवस-रात्र ठाऊक नाही. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर. पावसाळा सोडला तर धुरळ्यात अर्धे पुसलेले. कोन हे बहुतेकांच्या लेखी पाटीवर वाचलेलं आणि मागे पडलेलं नाव. इथे मुद्दाम उतरणारा विरळाच. मग इमारती उठल्या आणि त्यांतल्या काहींमध्ये मुंबईचे गिरणी कामगार आले.

आले म्हणजे एकदम आले नाहीत. एमएमआरडीएने भाडेतत्त्वाच्या योजनेत उभ्या केलेल्या इमारतींमधल्या सुमारे २,४०० घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये काढली. ज्यांची नावं लागली त्यांचे पेढे वाटून झाले आणि वाट बघणं सुरू झालं. २०२० साली करोना आला तेव्हा त्याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. डागडुजी आणि किल्ल्या हे सगळं त्यानंतर. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्यांत जो तिशीचा होता, तो घराच्या दाराशी पोचला तेव्हा सत्तरीच्या पलीकडे होता. लालबाग-परळच्या खोलीत बिऱ्हाड केलेली ही माणसं आता कोनच्या वरच्या मजल्यांवरून ट्रकांची रांग बघतात. काही जण चावी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. घर मुलाने भाड्याने दिलं. जे राहतात, त्यांच्यात माझी ऊठबस आहे.

त्यांचे फोटो काढायला मी जाते, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हे चेहरे मला सोडवत नाहीत. आणि एक अडचण लगेच येते. या पिढीचा फोटोशी संबंध आला तो बहुतेक कागदपत्रांपुरता. गिरणीचं ओळखपत्र, रेशन कार्ड, मतदार यादी, सोडतीचा अर्ज. कॅमेरा वर गेला की खांदे सरळ, हनुवटी किंचित वर, श्वास अडकवलेला, डोळे कुठल्याशा अदृश्य साहेबाकडे. यात त्यांचं काही चुकत नाही. फोटो काढून घेणाऱ्याने हलायचं नाही, ही शिस्त फार जुनी आहे.

व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालने १८४० मध्ये कागदावर गणित मांडून एफ ३.६ ची लेन्स आखली, तीच पहिली खरी पोर्ट्रेट लेन्स. तिच्यामुळे बसायचा वेळ पुष्कळ कमी झाला, तरी मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायची पद्धत बराच काळ राहिली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले, हरिश्चंद्र चिंतामणही. त्यांचा फोकस म्हणजे काळ्या कापडात डोकं खुपसून घाशीव काचेवरची उलटी प्रतिमा न्याहाळणं. प्रतिमा नीट दिसली की काच बाजूला, तिथे प्लेट सरकवायची. आता फोटोवाल्याला काहीच दिसत नाही आणि तेवढ्यात समोरचा हलला तर सगळं पाण्यात. फोकस ही दोघांनी मिळून पाळायची गोष्ट होती, आणि त्यातला अवघड वाटा बसलेल्याच्या अंगावर होता.

ऑटोफोकसने हा वाटा उचलला, हे त्याचे मोठे उपकार, आणि जुन्या लेन्सच्या भक्तांना ते मान्य करायला जड जातं. समोरचा हलला तरी चालेल, वळला तरी चालेल, हसता हसता पुढे झुकला तरी चालेल. १९७७ मध्ये कोनिकाने पहिला सर्रास विकला गेलेला ऑटोफोकस कॅमेरा आणला, पण ते साध्या कॅमेऱ्यापुरतं होतं. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरमध्ये हे काम पक्कं बसवलं १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आली. स्टीव्ह मॅकरीने आदल्या वर्षी पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत तो फोटो काढला होता, निकॉन एफएम २ वर, १०५ मिलिमीटर एफ २.५ च्या हाताने फिरवायच्या लेन्सने. ऑटोफोकसचं युग उजाडलं त्याच वर्षी, डोळ्यांवरच्या फोकससाठी जगात सर्वांत गाजलेलं पोर्ट्रेट हाताने फोकस केलेलं होतं. भक्तांना पुरावा म्हणून एवढं पुरतं. मला पुरत नाही. शाळेच्या तंबूत, अनोळखी परदेशी पुरुषासमोर, ती मुलगी स्तब्ध होती, तेव्हा त्या फोटोत स्तब्धतेचा वाटा तिचाही होता.

तीच १०५ ची लेन्स माझ्याकडे आहे, जुनी, बोरा बाजारातून घेतलेली. काळ्या धातूची, हातात घेतली की वजन कळतं. रिंग फिरवली की आत पितळेचे आटे तेलकट मायेने सरकतात. इतकं सावकाश की सेंटिमीटरभर पुढे-मागे करणं बोटांच्या हातचं राहतं. ऑटोफोकसच्या लेन्सला मोटरने झटकन पळायचं असतं, म्हणून तिच्या रिंगचा फेरा आखूड. काहींत तर रिंग कशाला जोडलेलीच नसते, ती फक्त मोटरला निरोप देते. अशा लेन्सवर हाताने फोकस करणं म्हणजे निरोप्याकरवी भांडण करणं.

आणि तरी दोघींचं आतलं तत्त्व वेगळं नाही. जुन्या एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मध्यभागी एक वर्तुळ असायचं, दोन अर्धांत कापलेलं. फोकस चुकला असेल तर चष्म्याची दांडी या अर्ध्यात इकडे आणि त्या अर्ध्यात तिकडे. रिंग फिरवत न्यायची, दांडी सलग झाली की झालं. लेन्सच्या दोन कडांमधून येणारा प्रकाश जुळला की नाही, एवढंच त्यात बघायचं असतं. फेज डिटेक्शन नावाचा ऑटोफोकस नेमकं तेच बघतो, सेकंदाच्या छोट्या अंशात, आणि किती चुकलंय व कुठल्या दिशेला हेही त्याला लगोलग कळतं. माणसाची बोटं ज्या रेघा जुळवत होती त्याच रेघा तो जुळवतो. फरक पडला तो पुढे, जेव्हा कॅमेऱ्याला चेहरा ओळखता यायला लागला आणि मग डोळा. आता पडद्यावर एक इवलासा चौकोन बुबुळावर जाऊन बसतो आणि माणूस खोलीभर फिरला तरी उठत नाही.

माझ्या ओळखीचे एक काका गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे माग चालवणारे. मूळ संगमेश्वरकडचे, पोरवयात मुंबईला आलेले. पहिल्यांदा मी कॅमेरा काढला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, “ऑटो का?” मी म्हटलं, हो, आपोआप फोकस होतो. ते हसले. म्हणाले, “आमच्याकडे पण ऑटो साचे आलते. लोकांना वाटतं ऑटो म्हणजे माणसाला आराम. आराम कसला? दोन साच्यांवर होतो, तर आणखी साचे गळ्यात मारतात. हात मोकळे झाले की नजर वाढवून मागतात.”

कांडी आपोआप बदलणारा, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग गिरणीत येतो आणि एका माणसाकडे जास्त माग जातात, ही तक्रार काकांच्या जन्माच्या आधीची. मुंबईचा १९२८ चा मोठा संप दोनाऐवजी तीन साचे चालवायला लावण्याच्या योजनेवरूनही पेटला होता. पण काकांच्या बोलण्यात जे होतं ते मला कुठल्याच कॅमेऱ्याच्या चर्चेत मिळालं नव्हतं. हात मोकळे झाले की नजर वाढवून मागतात. ऑटोफोकसवर मी रिंग फिरवत नाही, तर त्या मोकळ्या नजरेने काय करते? चौकोन बुबुळावर बसलाय म्हणून निर्धास्त होऊन बटण दाबत सुटले, तर तो खरोखर आराम. काका म्हणाले तसा हिशेब मांडला, तर मागची भिंत बघायला हवी, खिडकीतून येणारा उजेड गालावर कुठे तुटतो ते बघायला हवं, मांडीवरचा हात बघायला हवा. मॅन्युअलवाले म्हणतात, हाताने फोकस केला की माणूस ‘बघायला’ शिकतो. माझा अनुभव नेमका उलटा. रिंग फिरवताना मी एका चष्म्याच्या दांडीवर खिळलेली असते. बाकी खोलीत हत्ती शिरला तरी कळणार नाही.

आणि डोळ्यांचंही वय होतं. चाळिशी लागली, पुढे प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला. मिररलेस कॅमेऱ्यात प्रतिमा मोठी करून बघता येते, रेखीव कडांवर रंग चढतो, ती मदत घेते. पण प्रतिमा मोठी केली की चेहऱ्याचा फक्त एक तुकडा समोर उरतो आणि तेवढ्यात ओठांवर काय येऊन गेलं ते निसटतं. त्यामुळे काकांची नात शनिवारी आली आणि गॅलरीतून आत, आतून गॅलरीत धावायला लागली की मी मुकाट्याने ऑटोफोकसची लेन्स चढवते. बायका वाटाणे सोलत बसल्या असतील, कुणीतरी चाळीतल्या कुणाची तरी नक्कल करत असेल, तेव्हाही तीच. हसणं कुणासाठी थांबत नाही. कर्नाळ्याला पक्षी टिपायला पहाटे निघालेले लोक पळस्प्याला चहा पीत भेटतात. त्यांना विचारलं, तर हा विषय त्यांच्यात निघतच नाही.

गौतम राजाध्यक्षांच्या ‘फेसेस’ या पुस्तकातले चेहरे बघताना मला हा विषय सुचतही नाही. त्यांच्यासमोर येणाऱ्या तारका-नटांना प्रकाशात कसं उभं राहायचं हे बसल्या जागी कळत होतं. ते अडीच सेंटिमीटर त्यांनीच सांभाळून ठेवलेले असत. उलट सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, तिथे कुणी कुणासाठी थांबलेलं नाही, काम चालू आहे. कोनच्या घरांतली माणसं या दोन्हींत बसत नाहीत. ती थांबलेली आहेत, पण कॅमेऱ्यासाठी नव्हे.

तर काका. त्यांचा डावा डोळा गेलेला आहे. मागावरून धोटा उडाला तो लागला, तिशीच्या आतच. पांढरट बुबुळ, पापणी जराशी उतरलेली. खिडकीकडे तोंड करून ते बसले होते, डावी बाजू माझ्याकडे. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला, डोळा शोधला आणि जवळचा तो धरला. न दिसणारा. यंत्राच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही. जवळचा डोळा रेखीव हवा हा पोर्ट्रेटचा जुना दंडकच आहे. मेन्यूत जाऊन उजवा डोळा निवडता येतो, मला ते माहीत होतं. पण बोट तिकडे जाईना. कोणता डोळा ठेवायचा हे मी ठरवणार कोण? दिसणारा ठेवला तर मी ती जखम धूसर करून टाकली, न दिसणारा ठेवला तर त्या जखमेचंच प्रदर्शन. मी फोटो काढून त्यांना पडद्यावर दाखवला. त्यांनी कॅमेरा नाकाशी नेला, बराच वेळ बघितला. म्हणाले, “आधार काढायला गेलो तेव्हा ते मशीन ह्याच डोळ्यावर अडून बसलं. घेईच ना. तुमचं बरं धरतं की.”

काकूंना हसू आवरेना, मलाही.

त्यानंतर मी १०५ लावली. खास ठरवून असं काही नाही. एवढंच की आता मला कुठे बघायचं ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना निर्णय लांबवण्याची सोय त्या लेन्समध्ये आहे. मला दोन लेन्समधला फरक एवढाच वाटतो. काय टिपायचं हे मनात पक्कं असेल तर ऑटोफोकससारखा गडी नाही. पक्कं नसेल तर तो घाई करतो. कुणी विचारण्याआधीच उत्तर देतो. डोळा ओळखणं बंद करून, एक बिंदू निवडून त्याच्याकडूनही सावकाश काम करून घेता येतं, हे खरं. पण हाताशी झटपट सोय असताना सावकाशीने वागायला जे मन लागतं ते माझ्याकडे दर वेळी नसतं.

रिंग फिरवत होते. डावा डोळा आला, गेला. नाकाची कड, मिशीतले पांढरे केस, उजवा डोळा. पुन्हा मागे. काकू आतून काहीतरी विचारत होत्या आणि काकांना ऐकू येईना. साचेखात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान जातात. शेकडो माग एकाच छपराखाली खडखडत असतात, तिथे माणसं ओठांवरून आणि खुणांवरून बोलायची. काकांनी उजवा पंजा कानामागे धरला, तोंड काकूंच्या दिशेने वळवलं. बोटं कानाच्या पाळीला चिकटलेली, अंगठ्याचं नख मध्ये उभं चिरलेलं. माझी रिंग आपसूक मागे सरकली आणि त्या नखावर थांबली. दोन्ही डोळे मऊ झाले, तो डोळा आणि हा डोळा यांतला भेद उरला नाही. रेखीव राहिला तो हात आणि कान. डोळ्यावर बसायला शिकलेला चौकोन तिथे गेला नसता. आणि गंमत अशी, की सुरुवातीलाच मी १०५ लावली असती तर मीही गेले नसते. काका तेव्हा ओळखपत्राचा चेहरा करून बसले होते. रेंगाळण्यातून ते मिळालं. पण प्रत्येकाला रेंगाळणं मानवत नाही. शेजारच्या एका बाबांपुढे मी हीच लेन्स घेऊन बसले तर ते दर क्षणाला आणखी ताठ होत गेले, शेवटी घामच फुटला त्यांना. त्यांना यंत्राच्या झटपटीतच बरं वाटतं. एक खटका, सुटका.

पावसाळ्यात मात्र दोन्ही लेन्स सारख्याच केविलवाण्या. कोकणपट्टीची हवा, जून लागला की काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडेने. वेळीच लक्ष दिलं नाही तर ती लेपावर कायमचे ओरखडे सोडून जाते. डब्यात सिलिका जेल, वर दिवा लावलेली कोरडी पेटी, उन्हाची तिरीप आली की लेन्स खिडकीत, असे सगळे उपाय चालू असतात. जुन्या लेन्सचं एक बरं आहे: बोरा बाजारात अजून अशी बोटं सापडतात जी तिचे आटे सोडवतात, काचा पुसतात, नवं ग्रीस भरतात आणि संध्याकाळी परत देतात. ऑटोफोकसच्या लेन्समध्ये मोटर, पट्टीसारख्या तारा, सर्किट. बिघडली की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीनच बघायला लागतो. निवड करताना हे कुणी सांगत नाही. पनवेलमध्ये राहणाऱ्याने आधी हे विचारावं.

कानामागे हात धरलेला फोटो मी मोठा छापून नेला. काकांनी बघितला, ठीक आहे म्हणाले. काकूंना तो मुळीच आवडला नाही. तोंड धुरकट आणि हात तेवढा चांगला, असा कसला फोटो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग पदर नीट करून भिंतीला खुर्ची लावली आणि स्वतः बसल्या. त्यांना हाराचा फोटो काढून हवा होता. आत्ताच, चांगली आहे तोवर. मागाहून मुलं लग्नातल्या कुठल्यातरी घोळक्यातून डोकं कापून मोठं करतात आणि ते चांगलं दिसत नाही, हे त्यांनी शेजारच्या घरी बघितलं होतं. अट एकच, कानातल्या कुड्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दोन्ही.

८५ लावली, दोन मीटर मागे गेले, अ‍ॅपर्चर ८ वर आणलं. एवढ्यावर पंचवीसेक सेंटिमीटर रेखीव येतात. नाकाच्या शेंड्यापासून अंबाड्यापर्यंत काकू आख्ख्या मावल्या. फोकस कॅमेऱ्याने केला की मी, याने तिथे काहीही फरक पडत नव्हता. आठ बाय दहाच्या तीन प्रती सांगितल्यात त्यांनी. एक घरात, एक गावी, आणि एक डोंबिवलीच्या लेकीकडे, पण तिला आत्ता सांगायचं नाही.